पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं

आमच्या वारज्याच्या श्रवण मंडळाचे नियम कुठे लिहून ठेवलेले नाहीत, पण ते मोडलेले मी पाहिले नव्हते. गाणं सुरू असताना बोलायचं नाही. पायाने ताल धरायचा तर त्याचा आवाज होऊ द्यायचा नाही. चहा दोन गाण्यांच्या मध्ये; गाण्यात नाही. ज्याची पाळी असेल त्याने आधी कवी, संगीतकार आणि गायक सांगायचे, मग हेच गाणं का निवडलं ते थोडक्यात सांगायचं. 'मला आवडतं' हे कारण धरलं जात नाही. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे लावलेलं गाणं मध्येच तोडायचं नाही. पटो न पटो, शेवटपर्यंत ऐकायचं.

मंडळ हा शब्द तसा मोठाच झाला. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी एका निवृत्त गृहस्थांच्या बैठकीच्या खोलीत जमणारी आम्ही थोडी माणसं. या गृहस्थांना सगळे काका म्हणतात. त्यांचं आयुष्य पेठेत गेलं. निवृत्तीनंतर ते वारज्याला आले तेव्हा सोबत रेकॉर्डचे खोके आणि सोफ्याहून उंच स्पीकर घेऊन आले. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो आणि खराडीला नोकरी करतो. एका रविवारी भाजी घेऊन वर जाताना त्यांच्या दाराबाहेर थबकलो. आत सारंगी वाजत होती. गाणं संपल्यावर दार उघडलं.

"अहो, जिन्यात उभं राहून ऐकण्याचं आम्ही काही घेत नाही," काका म्हणाले. "आत बसून ऐकण्याचंही घेत नाही. तेव्हा आत या. भाजीसुद्धा आणा."

या मंडळींचे माझ्यावर उपकार आहेत, हे मला साधेपणाने सांगायचं आहे. मी पूर्वेकडच्या, धानाच्या पट्ट्यातल्या एका लहान गावात शिकलो. पदवी मिळवणारा घरातला मी पहिला. पुण्यात येईपर्यंत गाण्याला कवी वेगळा आणि संगीतकार वेगळा असतो, हे मला परीक्षेत विचारलं असतं तर लिहिता आलं असतं. पण ऐकताना ते कधी जाणवलं नव्हतं. आमच्या घरी गाणं गाणाऱ्याचंही नसायचं, कॅसेटचं असायचं. निळी कॅसेट, पांढरी कॅसेट. काकांच्या खोलीत मी बासरी कुठे थांबते आणि गायिका श्वास कुठे घेते ते ऐकायला शिकलो. एकच चाल दोन कडव्यांत थोडी बदलते आणि त्या बदलासाठीच संगीतकाराने सगळी तयारी केलेली असते, हेही तिथेच कळलं.

माझी पहिली पाळी आली तेव्हा मी नवीन अल्बम नेला. आमच्याच भागातल्या मुलांनी केलेला, आमच्याच बोलीत, तालावर भरभर बोलत जाणारा. त्यात धानाचे ढीग होते, गावातला मोबाईलचा टॉवर होता आणि नोकरीसाठी दिलेल्या परीक्षांचा राग होता. तो अल्बम मी कंपनीच्या बसमध्ये महिनाभर रोज ऐकत होतो, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रम न मोडता. मला दुसरं जमतच नाही. कॅसेटवर वाढलेल्या माणसाला एक गाणं संपत आलं की पुढच्याची सुरुवात कानात आधीच वाजायला लागते. गाणी उलटसुलट लावणारं बटण मी कधी दाबलेलं नाही.

त्या दिवशी अल्बममधलं एक गाणं मी लावलं. मंडळात एक बाई आहेत, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना बाईच म्हणतात आणि त्यांच्या शेऱ्याची वाट बघतात.

"शब्द कळले," बाई म्हणाल्या. "हल्लीच्या मानाने ही मोठीच प्रगती."

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या महिन्यात त्यांनी चपला घालता घालता मला बाजूला घेतलं. "ते तुमचं रागावलेल्या मुलाचं गाणं मला पाठवून ठेवा. कणीक मळताना बरं पडतं."

आवडीचं गाणं दुसऱ्याला देण्यातला आनंद मला असा मिळत गेला, फारसा गाजावाजा न होता. पण एक गाणं असं होतं की ते मला ज्या माणसाला द्यायचं होतं, ते माणूस घ्यायला तयार नव्हतं.

ते माणूस म्हणजे माझी आई. आणि ते गाणं आमच्या निळ्या कॅसेटच्या पहिल्या बाजूचं शेवटचं. त्याचं नाव मी इथे देत नाही. नाव वाचलं की वाचणाऱ्याच्या मनात त्याची स्वतःची आठवण वाजायला लागते, आणि मग माझी कोण ऐकणार?

कॅसेट भरून घेणं हा प्रकार आता सांगावा लागतो. आमच्या गावच्या बाजारात एक दुकान होतं. तिथे कोरी कॅसेट द्यायची, हवी ती गाणी तोंडाने सांगायची, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी भरलेली कॅसेट घेऊन जायची. एका बाजूला अर्धा तास. दुकानदार गाणी एकापुढे एक टाकत जायचा आणि अर्धा तास संपला की बाजू संपायची. शेवटचं गाणं बसतं की नाही हे तो बघत नसे, आणि गिऱ्हाइकही भांडत नसे. त्यामुळे आमच्या गावात कित्येक घरांमध्ये कित्येक गाणी अर्धीच माहीत होती. शाळेत स्नेहसंमेलनात एका मुलीने गाणं म्हणताना मध्येच थांबून नमस्कार केला होता, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आमच्यातल्या कुणालाच ते मध्येच वाटलं नव्हतं.

निळी कॅसेट वडिलांनी आईसाठी भरून घेतली होती. ते तांदळाच्या गिरणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. माल घेऊन गेले की कधी परत येतील ते सांगता येत नसे. फोन नव्हता. त्यांनी आईसाठी निवडलेल्या त्या शेवटच्या गाण्यात एक बाई वाट बघते आहे. पहिल्या कडव्यात सकाळ आहे. अंगण झाडून झालं आहे. दुसऱ्यात दिवस कलला आहे, गुरं परतली आहेत, त्यांनी उडवलेली धूळ खाली बसली आहे आणि रस्ता रिकामा आहे. मग बासरी वाजते. तिसऱ्या कडव्याचा पहिला शब्द सुरू होतो, अर्धाच ऐकू येतो, आणि खट्. टेपरेकॉर्डरचं बटण आपोआप वर यायचं. आई बासरीलाच हातातलं काम ठेवून उठलेली असायची; ती लगेच कॅसेट पलटवायची. दुसऱ्या बाजूला पहिलंच लग्नाचं धमाल गाणं होतं. माझं सगळं बालपण त्या रिकाम्या रस्त्यावरून खट् करून थेट लग्नात गेलेलं आहे.

पुण्यात आल्यावर, पहिल्याच वर्षी, कंपनीच्या बसमध्ये मी ते गाणं मोबाईलवर शोधून लावलं. दुसरं कडवं झालं, बासरी झाली, तो शब्द सुरू झाला आणि पूर्णही झाला. मी खिडकीबाहेर बघत होतो आणि माझे कान खट्ची वाट बघत होते. घराच्या मागच्या भिंतीत एक दार होतं आणि पलीकडे आणखी एक खोली होती, असं कुणी आता येऊन सांगावं तसं झालं. तिसऱ्या कडव्यात दिवा लागतो. पावलं वाजतात. तो दारात येऊन उभा राहतो आणि प्यायला पाणी मागतो. एवढंच. गाणं तिथे संपतं.

मी त्या संध्याकाळीच घरी फोन केला. वडील तेव्हा नुकतेच गेले होते. रस्त्यावर नाही; घरी, आजारपणात, अंथरुणावर.

"आई, आपलं ते गाणं पुढे आहे. आणखी एक कडवं आहे."

"असू दे."

"लावतो ना फोनवरच. ऐक."

"नोको. अन् सांगू बी नोको."

"अगं, पण काय आहे ते तरी..."

"काय असंल ते मले माहीत आहे," ती म्हणाली, आणि भात खाल्ला का म्हणून विचारलं.

तेव्हा मला समजलं की आईच्या मनात ते कडवं कधीचंच पूर्ण झालेलं आहे, आणि त्यात तो येत नाही. ड्रायव्हरच्या बायकोने आपल्या मनाने ते तसं पूर्ण केलं होतं. वर्षानुवर्षं ती बासरीलाच उठून उभी राहत होती, ती दुसऱ्या बाजूची हौस म्हणून नव्हे. आणि मी तिला सांगू शकत नव्हतो, कारण तिने सांगू नको म्हटलं होतं. त्यानंतर मी दोन-तीनदा विषय काढला. तिने दर वेळी तो भातावर नेऊन सोडला.

गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आई पुण्याला आली आणि महिनाभर माझ्याकडे राहिली. त्या महिन्यात मंडळात माझी पाळी होती. मी 'घरची कॅसेट' हा विषय ठरवला. निळ्या कॅसेटवरची गाणी, त्याच क्रमाने, दोन्ही बाजू. आईला म्हटलं, चल.

"त्या मोठ्या लोकांत मी कायले?"

"तुझीच गाणी आहेत."

ती डाळ निवडत होती. डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा, त्यामुळे खडे बोटांनी शोधत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "येतो. पण ते गानं आपल्याएवढंच लावजो."

हे मी काकांच्या कानावर घातलं. एक गाणं दुसऱ्या कडव्यानंतर थांबवलं तर चालेल का, म्हणून विचारलं. कारणही सांगितलं. योगायोगाने बाई तिथे रेकॉर्ड परत करायला आल्या होत्या.

"आज आपण आईसाठी तोडाल," काका म्हणाले, "उद्या मी कंटाळा आला म्हणून तोडीन, परवा बाई सूर लागला नाही म्हणून तोडतील. मग मंडळात काय, नुसता चहा आणि वर बडीशेप उरेल."

"आणि दुकानदाराने बाजू संपली म्हणून कापलं," बाई म्हणाल्या. "तो काही संगीतकाराचा निर्णय नव्हता."

"पण आईचा आहे," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. गणितात पायरी बरोबर आली तर त्या अशाच बघत असाव्यात. पण काकांनी नियम सैल केला नाही. मला त्यांचा राग आला नाही. पूर्ण गाणं ऐकायची सवय त्यांनीच मला लावली होती.

रविवारपर्यंत माझं ठरत नव्हतं. थांबवलं तर नियम मोडणार, आणि तो येतो हे आईला कधीच कळणार नाही. चालू ठेवलं तर तिने घातलेली अट मोडणार. शेवटी ठरवलं की थांबवायचं. गाणं मंडळाचं असलं तरी कान आईचे आहेत. आवाज हळूहळू कमी करत न्यायचा आणि काकांची नंतर माफी मागायची.

"या, मातोश्री," काकांनी दारातच म्हटलं. "आपण खुर्ची घ्या. सतरंजीवर गुडघे रुसतात."

"नाही जी, खालीच बरं," आई म्हणाली, आणि स्पीकरच्या जवळ भिंतीला टेकून बसली. काळ्या चष्म्यामुळे ती कुणाकडे बघते आहे ते कळत नव्हतं. तिलाही ते बरं वाटत असावं.

मी बोललो. दुकान, कोरी कॅसेट, गिरणीचा ट्रक, सगळं थोडक्यात. मग गाणी सुरू झाली. तिसऱ्या की चौथ्या गाण्याला आईचं बोट सतरंजीच्या काठावर हलायला लागलं. मला एका गोष्टीची भीती होती, की एवढ्या मोठ्या स्पीकरवर, एवढ्या स्वच्छ आवाजात तिला ती आपली गाणी वाटणार नाहीत. पण ती ओठांतल्या ओठांत पुढचा शब्द आधीच म्हणत होती.

शेवटचं गाणं लागलं. सकाळ झाली, अंगण झाडून झालं. गुरं परतली. धूळ खाली बसली. बासरी सुरू झाली तेव्हा माझा अंगठा मोबाईलवर होता.

आणि आई उठली.

एक हात भिंतीला लावून, दुसऱ्याने पदर सावरत, ती उठून उभी राहिली आणि स्पीकरच्या दिशेने एक पाऊल टाकलं. खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे गेल्या. बोललं कुणीच नाही. गाणं सुरू असताना बोलायचं नाही. तिचा उजवा हात थोडा पुढे आलेला होता, बोटं बटण दाबायच्या तयारीत, आणि समोर बटण नव्हतं. मी तिच्या त्या हाताकडे बघत राहिलो आणि माझा अंगठा जिथल्या तिथे राहिला. तो शब्द सुरू झाला, अर्धा झाला, पूर्ण झाला.

तिने हात खाली घेतला. बसली मात्र नाही. दिवा लागला, पावलं वाजली, त्याने पाणी मागितलं, तोवर ती खोलीच्या मध्ये तशीच उभी होती. चष्म्यामुळे चेहरा अर्धाच दिसत होता. जो दिसत होता त्यावरून मला काही कळलं नाही.

गाणं संपलं.

"मातोश्री, काही हवंय का?" काकांनी हळू विचारलं. "पाणी देऊ?"

"नाही जी. कॅसेट पलटवाले उठली होती मी." ती खाली बसली. "सवय आहे."

कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे रेकॉर्ड उलटायला वडीलच उठायचे. बाकीच्यांनी हात लावायचा नाही."

"आमचे हे रस्त्यावर राहात," आई म्हणाली. "मंग मीच उठत जाओ."

मग बाईंनी विचारलं, "पुढचं कडवं आज पहिल्यांदा ऐकलंत ना? कसं वाटलं?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"येते म्हन्ते तो," ती म्हणाली. "एवढा वेळ कुठं होता तं कोनास ठाऊक."

आता मात्र सगळे हसले, आणि बाई सगळ्यांत मोठ्याने. आई माझ्याकडे वळली. "दुसरी बाजू लाव ना. बसला काऊन?"

मी लग्नाचं गाणं लावलं.

जेवताना आईने विचारलं, "तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तूच सांगू नको म्हणाली होतीस."

"मी म्हन्लं तं काय झालं," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात भात वाढला. त्यानंतर त्या गाण्याबद्दल ती दिवसभर काही बोलली नाही. संध्याकाळी दिवा लावताना तिने तिसऱ्या कडव्याची ओळ गुणगुणल्यासारखं मला वाटलं. पण कुकरची शिट्टी झाली आणि खात्री करता आली नाही.

गावी परत जायच्या आदल्या दिवशी ती आपला मोबाईल घेऊन माझ्यापुढे आली. निळ्या कॅसेटची सगळी गाणी त्यात टाकून दे म्हणाली. मी टाकली.

"ते शेवटचं आपल्याएवढंच टाक."

"अगं, आता तर ऐकलंस. येतो ना तो."

"येते ते माहीत झालं. ते रोज रोज कायले ऐकू?"

मी वाद घातला नाही. कॉम्प्युटरवर गाणं उघडलं आणि दुसरं कडवं संपून बासरी थांबते तिथे नीट कापलं. दुकानदारापेक्षा स्वच्छ काम झालं, असं मला वाटलं. तिने ऐकलं आणि मोबाईल परत केला.

"असं नाही. अर्धा शब्द राहते तिथं."

मी पुन्हा कापलं, शब्दाच्या मध्ये. तिने ऐकलं. मान हलवली. "अन् खट्?"

"ते माझ्याकडे नाही, आई. टेपरेकॉर्डर कधीच भंगारात गेला."

"राहू दे," ती म्हणाली.

मंडळात आता माझ्या यादीत ते गाणं पूर्ण आहे. काकांनी नंतर दोनदा ते मागून घेतलं. बाईंनी तिसऱ्या कडव्यात तबला एका मात्रेने उशिरा येतो असं दाखवून दिलं. त्याचं कारण काय असावं यावर आमची चर्चा अजून संपलेली नाही. मला ती ऐकायला आवडते.

संध्याकाळी खराडीहून निघालो की मी बसमधून आईला फोन करतो. बऱ्याचदा मागे तिच्या मोबाईलवर निळी कॅसेट चालू असते आणि गाण्यांच्या आवाजातच आम्ही बोलत असतो, पाण्याचं, शेजाऱ्यांचं, डोळ्यात घालायच्या थेंबांचं. बासरी लागली की आई बोलायची थांबते. अर्धा शब्द येतो. मग ती जिभेने खट् करते, आणि दुसरी बाजू सुरू व्हायच्या आत विचारते, भात खाल्ला का.